दश्शीची किंमत किती?

एक्का-राजा हाती आला की खेळणाऱ्याचा चेहरा खुलतो. दश्शी-नव्वीकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. ब्रिजच्या इतिहासात मात्र या मधल्या पानांनी मोजमापाचा एक महत्त्वाचा प्रश्न उभा केला.

जोडीदाराची पाने न पाहता दोघांचे मिळून किती हात होतील, हे ब्रिजमध्ये आधी बोलावे लागते. म्हणून पानांना गुण देण्याची पद्धत निघाली. सुरुवातीच्या रॉबर्टसन पद्धतीत एक्क्याला ७, राजाला ५, राणीला ३, गुलामाला २ आणि दश्शीला १ गुण होता. १९१५ मध्ये ब्रायंट मॅकॅम्पबेल यांनी ४-३-२-१ ही सोपी मोजणी मांडली आणि पुढे मिल्टन वर्क यांनी ती लोकप्रिय केली. तीत दश्शीला काहीच मिळत नाही.

हे योग्य आहे का? समजा, आपल्याकडे एकाच रंगाची ७, ४, ३ आणि समोर जोडीदाराकडे एक्का, गुलाम, दुर्री आहे. राजा-राणी प्रतिस्पर्ध्यांकडे आहेत. आपण जोडीदाराच्या पानांकडे खेळत जातो. दोन हात व्हायचे, तर राजा व राणी दोन्ही आपल्या डावीकडच्या खेळाडूकडे हवीत. याची शक्यता १३/२६ × १२/२५, म्हणजे २४ टक्के. आता दुर्रीच्या जागी दश्शी ठेवा. दोन्हींपैकी एक जरी डावीकडे असले तरी काम होते. दोन्ही उजवीकडे असली तरच फसते. शक्यता ७६ टक्के झाली! गुण मात्र दोन्ही वेळा ५ च.

मग दश्शीला सरसकट गुण द्यावा का? दश्शी, चौकी, दुर्रीसमोर ७, ५, ३ असतील तर ती दश्शी सहसा निरुपयोगीच ठरते. तिची किंमत शेजाऱ्यांवर अवलंबून असते. एली कल्बर्टसन यांनी हे ओळखले होते. १९३० च्या सुमारास रूढ झालेल्या त्यांच्या पद्धतीत राजा-गुलाम-दश्शी या त्रिकुटाला एकट्या एक्क्याइतके मोल होते.

तरीही १९४९ मध्ये चार्ल्स गोरेन यांनी ४-३-२-१ ला रंगांच्या वाटणीचे गुण जोडून पुढे आणले, आणि तीच पद्धत टिकली. बेरीज सोपी, आणि जोडीदारालाही तीच समजते. जाणकार खेळाडू बेरजेनंतर दश्शी-नव्वीची संगत पाहून अंदाज थोडा वर-खाली करतात. बेरजेवर निकाल लावणाऱ्या आम्हां सर्वांनाच ही सवय उपयोगी पडेल, असे आम्हाला वाटते.

वर्गात हा प्रयोग करून पाहावा. राजा-राणीसह कोणतीही २६ पाने पिसून १३-१३ वाटा. अशा शंभर वाटण्यांपैकी किती वेळा राजा-राणी वेगवेगळ्या बाजूंना गेली, ते विद्यार्थ्यांना मोजू द्या. उत्तर ५२ च्या आसपास का येते, याचा हिशेब वरच्या आकड्यांवरून त्यांनाच करता येईल.