स्वरूप आणि आज्ञा : साच्यांतील विशेष चिन्हांचा प्रश्न

भाषेविषयी भाषेतच बोलावयाचे झाले की एकाच शब्दाला दोन कामे करावी लागतात. पाणिनीने ही अडचण ओळखून अष्टाध्यायीच्या पहिल्याच अध्यायात असा नियम घातला की, व्याकरणातील शब्द स्वतःच्या रूपाचा वाचक समजावा; पारिभाषिक संज्ञा तेवढ्या वगळाव्यात. 'अग्नी'ला प्रत्यय लावावयाचा तो शब्दाला, निखाऱ्याला नव्हे.

संगणकाच्या भाषांपुढे हाच प्रश्न निराळ्या वेषात आला. १९५७ सालच्या फोरट्रानने तो मोजणीने सोडविला. मजकुराआधी त्यातील अक्षरांची संख्या व 'एच' हे अक्षर लिहावयाचे. मोजलेल्या अक्षरांत काहीही असो, त्याला आज्ञेचा अर्थ नाही. पद्धत निर्धोक खरी, पण मोजणाऱ्याला जाच. मार्टिन रिचर्ड्‌स यांच्या बीसीपीएल (१९६७) या भाषेने मजकूर अवतरणचिन्हांत घेतला आणि पुढील चिन्हाचा नेहमीचा अर्थ पालटणारे 'एस्केप' चिन्ह म्हणून तारांकन योजिले. बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास घडविलेल्या 'सी' भाषेत ती जागा उलट्या तिरक्या रेघेने घेतली.

खरी गुंतागुंत दिसते ती साच्यात मजकूर भरताना. त्याच प्रयोगशाळेतील 'सेड' या साधनात बदली मजकुरातील अँपरसँड म्हणजे 'जे सापडले ते सर्व'. 'कंपनी' या शब्दाच्या जागी मध्ये अँपरसँड असलेले 'जोशी आणि सन्स' हे नाव घालू गेल्यास उमटते 'जोशी कंपनी सन्स'! अँपरसँडपूर्वी तिरकी रेघ दिली की तो निव्वळ अँपरसँड राहतो. मात्र मग खुद्द रेघेलाही रेघ द्यावी लागते. येथे क्रमाला महत्त्व आहे. मूळ मजकुरातील रेघा आधी दुप्पट केल्या पाहिजेत. नंतर केल्यास अँपरसँडसाठी घातलेली रेघही दुप्पट होते आणि तिचे संरक्षण नाहीसे होते.

ही केवळ छपाईची चूक राहिली नाही. माहितीसंग्रहाला विचारावयाच्या प्रश्नाच्या साच्यात ओ'ब्रायन हे नाव तसेच चिकटविले, तर त्यातील चिन्हाने अवतरण अकाली संपते आणि उरलेली अक्षरे आज्ञा म्हणून वाचली जातात. नाव भरणारा मग साच्याचा लेखक होऊन बसतो. या मार्गाने परक्याच्या संग्रहात शिरता येते, हे १९९८ साली जाहीरपणे मांडले गेले. त्यावर रूढ झालेला उपाय एस्केप-चिन्हांचा नाही: साचा आधी वाचून त्याचा अर्थ पक्का करावयाचा, नाव नंतर स्वतंत्रपणे पाठवावयाचे. फोरट्रानच्या मोजलेल्या मजकुराप्रमाणेच त्या नावात मग आज्ञा शोधली जात नाही.