पाऊस तोच, डोळा नवा

जमिनीवर पर्जन्यमापक ठेवता येतो. भर समुद्रात तो कोण ठेवणार? आणि आपला मोसमी पाऊस तर समुद्रावरूनच येतो. ही उणीव भरून काढण्याचा उद्योग डिसेंबर १९७२ मध्ये सोडलेल्या निंबस-५ या अमेरिकन उपग्रहाने आरंभिला. सूक्ष्मतरंगांत समुद्र थंड दिसतो, पाऊस ऊबदार दिसतो. या फरकावरून पावसाचे मान काढावयाचे, ही त्यातील युक्ती.

म्हणजे उपग्रह पाऊस मोजीत नाही. तो तरंगांचे तेज मोजतो आणि पाऊस गणिताने अनुमानावा लागतो. हे गणित यंत्राशी बांधलेले असते. शेर जाऊन किलो आला, तेव्हा जुन्या हिशेबाला एक गुणक पुरला. येथे तसे नाही. ढगागणिक गुणक निराळा.

नोव्हेंबर १९९७ मध्ये अमेरिका व जपान यांनी ट्रिम हा उपग्रह सोडला, तेव्हा हाच प्रश्न उभा राहिला. त्यावरील यंत्र १९८७ पासून फिरणाऱ्या लष्करी हवामान-उपग्रहांवरील यंत्राचे धाकटे भावंड. परंतु मुसळधार पावसासाठी त्यात १०.७ गिगाहर्ट्झची नवी वाट होती, आणि उष्ण कटिबंधातील दाट बाष्पामुळे २२.२ ची वाट २१.३ वर सरकवली होती. जुने सूत्र जसेच्या तसे कसे चालावे?

यावर क्रिस्तियन कुमेरो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये मांडलेली रीत उपयोगी पडली. गणिताने रचलेल्या असंख्य ढगांचा संग्रह करावयाचा, प्रत्येक ढग यंत्राला कसा दिसेल ते काढावयाचे, आणि प्रत्यक्ष दिसलेल्याशी जुळणाऱ्या ढगांवरून पाऊस ठरवावयाचा. यंत्र बदलले तरी ढगांचा संग्रह तोच. फक्त 'कसा दिसेल' हे नव्याने काढावयाचे.

पुढे ऑगस्ट २००१ मध्ये इंधन वाचविण्यासाठी ट्रिम ३५० किलोमीटरवरून सुमारे ४०२ किलोमीटरवर नेला. यंत्र तेच, परंतु एका नजरेत येणारा टापू मोठा झाला, आणि गणित पुन्हा दुरुस्त करावे लागले. ते न करावे, तर उपग्रहाची उंची वाढली म्हणून पाऊसमान बदलले, असा खोटा इतिहास लिहिला जाईल!

भारत व फ्रान्स यांचा मेघा-ट्रॉपिक्स १२ ऑक्टोबर २०११ रोजी श्रीहरिकोट्याहून उडाला. त्याचे पाऊस पाहणारे 'मद्रास' हे यंत्र जानेवारी २०१३ मध्ये बंद पडले. तेव्हा आर्द्रतेसाठी बसविलेले 'सफिर' पावसाच्या कामी आले. ढगांतील हिमकण त्याला दिसत, त्यांवरून पाऊस अनुमानता येई.

यंत्रे येतात आणि जातात. दुष्काळ वाढला की घटला, हे मात्र अनेक यंत्रांच्या नोंदी एका मापात आणल्यावरच सांगता येते. म्हणून नवा डोळा उघडताना जुन्याशी त्याची नजर जुळवून घेणे, हे पावसाच्या इतिहासकाराचे पहिले कर्तव्य होय.