मलिहाबादचा दशहरी आणि दिल्लीची संसद

आज सीमेवरचा विषय नाही. आज आंब्याबद्दल बोलायचं आहे, आणि आंब्याच्या निमित्ताने संसदेबद्दल. देशाचं धोरण नेमकं कोण ठरवतं, मंत्रिमंडळ की संसद, हा प्रश्न नागरिकशास्त्राच्या पुस्तकात दोन ओळींत संपतो. प्रत्यक्षात तो कसा चालतो, हे समजून घ्यायला मलिहाबादइतकं चांगलं ठिकाण मला दुसरं सापडलं नाही.

लखनौहून हरदोईच्या रस्त्याला लागलं की आधी काकोरी येतं. १९२५ च्या ऑगस्टमध्ये रामप्रसाद बिस्मिल आणि त्यांच्या साथीदारांनी सरकारी खजिना लुटला, तेच काकोरी. त्याच्याच जवळ दशहरी नावाचं एक लहान गाव आहे. दशहरी आंब्याचं मूळ झाड याच गावातलं, असं तिथले लोक सांगतात आणि ते झाड आजही दाखवतात. पुढे मलिहाबाद, म्हणजे आंबाच आंबा. एकाच झाडावर शेकडो जातींची कलमं बांधणारे, पद्मश्री मिळालेले कलीमुल्लाह खान इथलेच. आपल्या देवगड-रत्नागिरीला जसा हापूस, तसा या भागाला दशहरी. मुलीचं लग्न, घराची कौलं, पोराची फी, सगळं त्या मोहरावर.

आता प्रश्न असा. दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यातला आंबा पेटीत भरून त्यावर ‘मलिहाबादी दशहरी’ असं छापलं, तर मलिहाबादच्या बागवानाने काय करायचं? कर्नाटकाचा आंबा ‘देवगड हापूस’ म्हणून विकला जातो, तेव्हा आपला कोकणी माणूस जे करतो तेच. चरफडायचं. १९९९ पर्यंत आपल्या देशात गावाच्या नावाचं रक्षण करणारा स्वतंत्र कायदाच नव्हता.

तो कायदा कसा आला, ही खरी गोष्ट. तिची सुरुवात ना मलिहाबादेत झाली ना दिल्लीत. ‘गॅट’च्या उरुग्वे फेरीच्या वाटाघाटी चालू होत्या आणि डंकेल प्रस्तावावरून देश पेटला होता. शेतकरी नेत्यांतही फूट होती. कर्नाटकात नंजुंडस्वामी विरोधात रस्त्यावर उतरले, तर आपल्याकडे शरद जोशींनी प्रस्तावाला उघड पाठिंबा दिला. माझ्या पिढीला तो वाद आठवत असेल. त्या सगळ्या गदारोळात एक गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात आली. एप्रिल १९९३ मध्ये संसदेने खातेनिहाय स्थायी समित्या नव्याने सुरू केल्या होत्या, आणि वाणिज्य खात्याच्या समितीने इंद्रकुमार गुजराल यांच्या अध्यक्षतेखाली याच डंकेल प्रस्तावाची तपासणी केली. समितीचा अहवाल येईपर्यंत वाटाघाटींचा शेवट जवळ आला होता. १५ डिसेंबर १९९३ ला त्या संपल्या आणि १५ एप्रिल १९९४ ला मोरोक्कोतल्या मराकेशला भारताने सही केली.

या सहीसाठी संसदेची मंजुरी घेतली गेली नाही. आपल्या राज्यघटनेनुसार ती लागतही नाही. करार करणं हा सरकारचा अधिकार. संसदेला काम उरतं ते नंतरचं: कराराप्रमाणे देशातला कायदा बदलायचा की नाही, आणि बदलायचा तर कसा. अमेरिकेत त्याच करारासाठी काँग्रेसने डिसेंबर १९९४ मध्ये कायदा केला, तेव्हा कुठे तो तिथे लागू झाला. आपल्याकडे मुख्यालयाने शब्द देऊन टाकला आणि मग तुकडीला विचारलं, जमेल ना? फौजेत हे चालतं. लोकशाहीत चालावं का, याबद्दल माझं मत तुम्हाला ठाऊक आहेच.

पण तुकडी गप्प बसली नाही. करारासाठी पेटंट कायद्यात दुरुस्ती हवी होती. सरकारने ३१ डिसेंबर १९९४ ला वटहुकूम काढला. मार्च १९९५ मध्ये लोकसभेने विधेयक मंजूर केलं, राज्यसभेत ते अडकलं. वटहुकूम संपला, पुढे १९९६ मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक बुडालं. अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली, आणि १९९७ च्या डिसेंबरात आपण अपिलातही हरलो. १९९९ मध्ये दुरुस्ती करावीच लागली. मग राज्यसभेने अडवून मिळवलं काय, असं कुणी विचारेल. वेळ मिळवला. पुढची दुरुस्ती संयुक्त संसदीय समितीकडे गेली, आणि २००५ च्या दुरुस्तीत डाव्या पक्षांच्या आग्रहाने कलम ३(घ) अधिक कडक झालं. जुन्याच औषधात किरकोळ फेरफार करून नवं पेटंट घेता येऊ नये, एवढाच त्याचा अर्थ. २०१३ मध्ये नोव्हार्टिस कंपनी सर्वोच्च न्यायालयात याच कलमावर हरली. कॅन्सरच्या औषधाची किंमत आणि संसदेतली एक दुरुस्ती यांचा संबंध असा थेट असतो.

आता परत आंब्याकडे. त्याच करारात एक अट अशी होती की जे नाव स्वतःच्या देशात संरक्षित नाही, त्याचं रक्षण करायला इतर देश बांधील नाहीत. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या राइसटेक कंपनीला बासमतीच्या वाणांवर पेटंट मिळालं आणि सगळ्यांचे डोळे उघडले. डिसेंबर १९९९ मध्ये संसदेने भौगोलिक उपदर्शन कायदा केला. आपण त्याला सरसकट ‘जीआय’ म्हणतो.

हा कायदा नुसती कराराची नक्कल नाही, म्हणून मला तो महत्त्वाचा वाटतो. करारात जास्तीचं संरक्षण फक्त वाइन आणि मद्यांना आहे, कारण तिथे युरोपचं वजन पडलं. आपल्या संसदेने सरकारला असा अधिकार दिला की हे जास्तीचं संरक्षण इतर वस्तूंनाही देता येईल. आणि दुसरी तरतूद तर फारच शहाणपणाची. हे नाव विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही. कितीही मोठ्या कंपनीने उद्या मलिहाबादेत कितीही पैसे ओतले, तरी ‘मलिहाबादी दशहरी’ हे नाव तिच्या मालकीचं होणार नाही.

कायदा झाला १९९९ ला, लागू झाला सप्टेंबर २००३ मध्ये. पहिली नोंद दार्जिलिंग चहाची, २००४ साली. मलिहाबादी दशहरी २००९-१० च्या यादीत आला. आपल्या हापूसला नोंद मिळायला २०१८ उजाडलं. देवगडचा की रत्नागिरीचा हा वाद आपण इतका चघळला, की अखेर ती पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत पाच जिल्ह्यांना मिळून दिली गेली. ते बरंच झालं.

मग आज मलिहाबादच्या बागवानाचं चरफडणं थांबलं का? नाही. नोंद संस्थेच्या नावावर होते. प्रत्येक बागवानाला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून वेगळी नोंद करावी लागते, आणि नोंदणी कार्यालय आहे चेन्नईला. नावाची चोरी करणाऱ्याला कायद्यात सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. पण झडती घ्यायची तर अधिकारी पोलीस उपअधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा हवा, आणि त्याने आधी निबंधकाचं मत घ्यायला हवं. दशहरीचा हंगाम जेमतेम दोन महिन्यांचा. चेन्नईहून मत येईपर्यंत पुरावा खाऊन, कोय फेकून झालेली असते! खोट्या नावाने माल खपवणाऱ्याला हे संसदेपेक्षा चांगलं कळतं.

संसदेचं काम कायदा मंजूर झाल्यावर संपत नाही, ते इथे दिसतं. वाणिज्य स्थायी समितीने जुलै २०२१ मध्ये बौद्धिक संपदेवर सविस्तर अहवाल दिला, त्यात जीआयचाही विचार आहे. म्हणजे कायद्यानंतर जवळजवळ बावीस वर्षांनी. समिती चांगलं काम करते, पण तिच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात आणि आपल्यापर्यंत तर त्या पोचतच नाहीत.

मलिहाबाद हा मोहनलालगंज लोकसभा मतदारसंघाचा भाग आहे. देवगड येतं रत्नागिरी-सिंधुदुर्गात. दोन्हीकडच्या खासदारांना प्रश्नोत्तराच्या तासात एकच प्रश्न विचारता येईल: आंब्याचं नाव चोरल्याबद्दल या कायद्याखाली आजवर किती गुन्हे दाखल झाले आणि किती जणांना शिक्षा झाली? त्यासाठी पंधरा दिवसांची नोटीस लागते. बहुमत लागत नाही, पक्षाची परवानगी लागत नाही. तुमच्या खासदारांच्या कार्यालयाचा पत्ता लोकसभेच्या संकेतस्थळावर आहे. पुढचा मोहर येण्याआधी एक पत्र टाका. मी माझं टाकलं आहे.