कागदाची मुदत कोण ठरवतं?

मंडळी, जून-जुलैत आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या तहसील कचेरीत गेलात, तर अभिलेख कक्षासमोर पालक उभे दिसतात. पोराचा प्रवेश अडलेला असतो. जात पडताळणीला पुरावा हवा, तोही ठरावीक तारखेआधीचा : अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. ज्या कोलाम, गोंड, बंजारा घरांत तेव्हाचा एकही कागद नाही, त्यांनी तो सरकारी गठ्ठ्यातच शोधायचा.

गठ्ठ्यात काय उरतं? सरकारी दप्तरात प्रकरण निकाली निघालं, की त्यावर वर्ग पडतो. 'अ' म्हणजे कायम, 'ब' ३० वर्षं, 'क-१' १० वर्षं, 'क' ५ वर्षं आणि 'ड' वर्षभर. मुदत सरली की कागद नाशाला निघतो. म्हणजे कागद जातो पुढे कधीतरी, पण त्याचं भवितव्य वर्ग घालतानाच लिहिलेलं असतं. आम्हाला यातलं हेच महत्त्वाचं वाटतं.

नेमकी हीच रीत संगणकातही आली. १९७९ साली अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांना युजनेट सुचलं. एकाने लिहिलेला मजकूर नकलत नकलत सगळीकडच्या संगणकांवर पोचायचा. डिस्क लहान, मजकुराचा ओघ रोजचा. मग 'एक्स्पायर' नावाचा प्रोग्राम ठराविक वेळी आपोआप चाले आणि जुनं पुसून टाके. कुठल्या विषयाचा मजकूर किती दिवस ठेवायचा, हे ते यंत्र सांभाळणारा माणूस आधीच ठरवून ठेवी. लिहिणाऱ्यालाही मथळ्यात स्वतःच्या मजकुराची शेवटची तारीख घालता येई. आपला अ-ब-क-डच की!

यात युजनेटची सुरुवातीची दहा वर्षं पुसलीच गेली असती. पण टोरंटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात हेन्री स्पेन्सर मजकूर टेपवर उतरवून ठेवत होते. १९८१ ते १९९१ या काळातल्या १४१ टेपा, सुमारे २० लाख संदेश. २००१च्या डिसेंबरात गूगलने ते सगळ्यांना खुले केले.

आपल्याकडच्या टेपा म्हणजे कोतवाल बुकं. वऱ्हाडात गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची खबर देई. वहीत नाव, बापाचं नाव आणि जात चढे. हिशेब होता जन्म-मृत्यूचा, पटकी-तापाचा. लिहिणाऱ्याला का माहीत, की त्या जातीच्या रकान्यावर पणतवाचं कॉलेज ठरेल?

सगळंच ठेवा, असं आम्ही म्हणत नाही. वाळवी लागलेल्या ढिगात हवा तो कागद मुळी सापडायचाच नाही. पण नुकसान सारखं वाटलं जात नाही हो. ज्याच्या घरी सनद आणि खरेदीखत पेटीत आहे, त्याला 'ड' वर्गाने काय फरक पडतो?

जाता जाता शोधणाऱ्यांसाठी एक गोष्ट. १९०५पर्यंत आपल्या जिल्ह्याचं नाव 'वणी' होतं, आणि पुसद तालुका तेव्हा वाशीम जिल्ह्यात होता. त्याआधीचा कागद हवा असेल, तर अर्जात 'यवतमाळ' एवढंच लिहून थांबू नका. पुसदकरांनी वाशीमकडेही विचारून पाहावं.