नाण्यावरचं गाव

मंडळी, गेल्या वीकेंडला घरी गेलो होतो. घरी म्हणजे छत्रपती संभाजीनगरला. नाव २०२३ साली बदललं, पण हिंजवडीतले निम्मे मित्र अजून औरंगाबादच म्हणतात, आणि सवयीने कधीकधी मीही. जीभ काही एका जीआरने अपडेट होत नाही!

तर झालं असं, की माळा आवरताना आजीच्या डब्यात चांदीचा एक जाडजूड, ओबडधोबड रुपया सापडला. बाबा म्हणाले, "एकटाच आहे, मोडीत देऊन टाकू." सराफाने काट्यावर ठेवला, साडेअकरा ग्रॅमच्या आसपास भरला, आणि चांदीचा भाव सांगून तो मोकळा झाला. वर काय लिहिलंय ते बघितलंसुद्धा नाही. मला काही राहवेना. म्हटलं थांबा, आणि नाणं घेऊन शेजारच्या चाचांकडे गेलो. त्यांना फारसी लिपी वाचता येते. चष्मा कपाळावर सरकवून, नाणं डोळ्याजवळ नेऊन ते वाचायला लागले, "ज़र्ब... खुजिस्ता बुनि..." पुढची अक्षरं गायब. मग एकदम हसले, "अरे बेटा, ये तो अपनाच शहर है!"

मी चाट! मग दोन रात्री वाचत बसलो. त्यातलं थोडं तुमच्यासाठी.

१६१० साली मलिक अंबरने खडकी गावात शहर वसवलं. त्याच्या मुलाने, फतेहखानाने, त्याचं फतेहनगर केलं. १६५३ साली औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार झाला आणि शहर औरंगाबाद झालं. पुढे तो बादशहा झाल्यावर, त्याच्या कारकिर्दीच्या उत्तरार्धात, इथल्या टांकसाळीचं नाव नाण्यांवर 'खुजिस्ता बुनियाद' असं यायला लागलं. अर्थ : ज्याचा पाया शुभ आहे ते. 'ज़र्ब' म्हणजे इथे पाडलेलं. आणि अक्षरं गायब का? कारण मुघल टांकसाळीत ठसा मोठा आणि चांदीचा तुकडा लहान असायचा. हातोडा पडला की मजकुराचा जेवढा भाग तुकड्यावर बसेल तेवढा आपला. आमच्या नाण्यावर गावाचं नाव पाऊणच बसलंय :-)

आता जरा बाहेर बघू. रशिया २००२ पासून जुन्या शहरांच्या नावाने दहा रूबलची दुरंगी नाणी काढतो. पोलंडने २००५ पासून काही वर्षं दोन झ्लॉटीच्या नाण्यांवर ऐतिहासिक शहरं आणली होती. आणि ही नाणी फक्त काचेच्या कपाटात ठेवायची नाहीत, दुकानात चालणारी! आपल्याकडे २०१० साली तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराला हजार वर्षं झाली म्हणून पाच रुपयांचं नाणं निघालं होतं, तेवढं आठवतं. मला वाटलं, वा, पूर्वी आपल्याही शहराचा असा सन्मान होत होता तर!

पण इथेच माझी गफलत झाली. तो सन्मान नव्हताच, ती हमी होती. त्या काळी रुपया हातात आला की सराफ आधी बघायचा कुठल्या टांकसाळीचा आणि बादशहाच्या कितव्या वर्षाचा. नाणं जुन्या सालाचं असेल तर त्यावर बट्टा, म्हणजे थोडी कपात. टांकसाळ अनोळखी असेल तर आणखी तपासणी. आमच्या भाषेत सांगायचं तर गावाचं नाव म्हणजे डिजिटल सही. चांदीत भेसळ निघाली तर नाव शहराचं जाणार!

आणि नुसतं नाव छापून भागत नाही, हेही आपल्याच भागात सिद्ध झालंय. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला आणली. १३३० च्या आसपास त्याने तांब्या-पितळेची नाणी काढली आणि ती चांदीच्या टंक्याच्या भावाने घ्या असा हुकूम सोडला. त्यातल्या काहींवर 'तख्तगाह-ए-दौलताबाद' असं रुबाबात लिहिलेलं आहे. पण तशी नकली नाणी कोणालाही घरी पाडता येत होती, आणि लोकांनी ती पाडलीही! शेवटी सुलतानाला नाणी मागे घेऊन खजिन्यातून खरं सोनं-चांदी मोजावं लागलं. नाव राजधानीचं, पण मागे खात्री नाही. सिस्टीम क्रॅश!

पुढे निजामाची राजधानी हैदराबादला गेली. विसाव्या शतकात मराठवाड्याच्या बाजारात चारमिनारचं चित्र असलेला हाली रुपया चालायचा. सात हाली म्हणजे सहा कलदार. १९४८ मध्ये मराठवाडा मुक्त झाला, आणि १९५९ पर्यंत हालीही इतिहासजमा झाला.

आज? वर्षाच्या खाली बारीक खूण शोधा. चौकट असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. टांकसाळीच्या नावाचं उरलंय ते एवढंच. आणि आमच्या जिल्ह्याच्या वाट्याला २०१९ पासून वीस रुपयांची नोट आलीये. मागच्या बाजूला वेरूळचं कैलास लेणं! शहरापासून तीसेक किलोमीटरवर. घरी येताना रिक्षावाल्याला तीच नोट दिली. त्यानेही बघितली नाही, मीही नाही.

असो. नाणं मोडीत गेलं नाही. बाबांना 'खुजिस्ता बुनियाद'चा अर्थ सांगितला तर म्हणाले, "ठेव मग." चांदीचा भाव सराफाने सांगितलाच होता. पण वितळवलं असतं तर साडेअकरा ग्रॅम चांदी उरली असती, आणि आपल्या गावाची सही कायमची गेली असती. तुमच्याही आजीच्या डब्यात असं काही असेल, तर काट्यावर ठेवण्याआधी एकदा कोणाकडून तरी वाचून घ्या. एवढंच.