फुकटचा स्कॅन की लायब्ररीचा लॉगिन?

एक छोटा प्रयोग करून बघा. इंटरनेट अर्काइव्हवर ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास उघडा. १८२६ सालचं पुस्तक, डाउनलोड फुकट. त्यात शिवाजी महाराजांचं जन्मवर्ष १६२७ दिलंय. मी पहिल्याच सेमिनारमध्ये तेच ठोकून दिलं आणि गाईडनी सगळ्यांसमोर थांबवलं.

डफ खोटं लिहीत नव्हता. पण जेधे शकावली टिळकांनी छापली १९१६ मध्ये, म्हणजे ९० वर्षांनी. तिच्यातली नोंद फाल्गुन वद्य ३, शके १५५१ ची, म्हणजेच १९ फेब्रुवारी १६३०. राज्य सरकारने हीच तारीख २००१ मध्ये स्वीकारली.

फुकट मिळणारी पुस्तकं बहुधा जुनीच का असतात? आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. तो संपला की स्कॅन मोकळा. म्हणून जुने ग्रंथ, छापील साधनं यासाठी फुकट साइट्स खुशाल वापरा. पण त्यांची पुढच्या संशोधकांनी केलेली झाडाझडती जेस्टोरसारख्या डेटाबेसमध्ये शोधा. तुमचं कॉलेज एन-लिस्टचं सभासद आहे का, ते ग्रंथपालांना विचारा आणि लॉगिन मागून घ्या.

अर्थात डेटाबेसही पुरा पडत नाही. जुनी मराठी नियतकालिकं तिथे फारशी नाहीत. त्यासाठी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची पायरी चढावीच लागते.

तेव्हा तारीख उतरवून घेण्याआधी दोन प्रश्न विचारा: हे कधी लिहिलं? आणि त्यानंतर काय सापडलं?