व्हिजन थेरपी ॲप म्हणजे काय? मुलांच्या अभ्यासात त्याचा खरंच फायदा होतो का?

घरातला लहान भाऊ वाचताना ओळ चुकवतो, अक्षरं उलटी लिहितो, पाच मिनिटांत डोळे चोळतो. मग कुणीतरी सांगतं, "अरे, डोळ्यांच्या व्यायामाचं ॲप टाक, अभ्यास सुधारेल." पण पैसे भरण्याआधी हे नेमकं काय असतं ते समजून घेऊया.

व्हिजन थेरपी म्हणजे काय?

दोन्ही डोळे एकत्र काम करावेत, जवळच्या अक्षरांवर नजर नीट स्थिर व्हावी, यासाठी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली करून घेतलेले व्यायाम म्हणजे व्हिजन थेरपी. यात लेन्स, प्रिझम, कॉम्प्युटर आणि आता व्हीआर हेडसेटही वापरतात.

कशात उपयोग होतो?

वाचताना दोन्ही डोळे आत वळावे लागतात. काही मुलांना ते जमत नाही. अक्षरं दोन दिसतात, डोकं दुखतं. या त्रासाला कन्व्हर्जन्स इन्सफिशियन्सी म्हणतात. 2008 मध्ये अमेरिकेत 221 मुलांवर झालेल्या अभ्यासात, 12 आठवडे क्लिनिकमध्ये थेरपी घेतलेल्या सुमारे 73 टक्के मुलांना चांगला फायदा झाला. फक्त घरी पेन्सिलचा व्यायाम किंवा त्याच्या जोडीला कॉम्प्युटर प्रोग्राम वापरणारे गट मात्र नकली थेरपी घेतलेल्या गटापेक्षा फारसे पुढे नव्हते. म्हणजे नुसतं ॲप टाकून भागत नाही.

आळशी डोळ्यासाठी म्हणजे लेझी आयसाठी चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी हे मुख्य उपाय आहेत. लुमिनोपिया नावाच्या व्हीआर उपचाराला 2021 मध्ये अमेरिकेत 4 ते 7 वर्षांच्या मुलांसाठी मान्यता मिळाली. मूल हेडसेटमध्ये कार्टून पाहतं आणि चांगल्या डोळ्याला दिसणारं चित्र फिकं केलं जातं, त्यामुळे कमजोर डोळ्याला काम करावंच लागतं. पण हा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारा उपचार आहे, प्ले स्टोअरवरचा गेम नाही.

मग डिस्लेक्सियाचं काय?

इथेच खरी गल्लत होते. डिस्लेक्सियाचं मूळ डोळ्यात नाही, तर मेंदू अक्षर आणि आवाज यांची सांगड कशी घालतो त्यात आहे. अमेरिकेतल्या बालरोग आणि नेत्रतज्ज्ञ संघटनांनी 2009 मध्येच सांगितलं, की डोळ्यांचे व्यायाम किंवा रंगीत चष्मे डिस्लेक्सिया बरा करतात याला ठोस पुरावा नाही. 2019 मध्ये 300 हून जास्त मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही वाचलेलं समजण्यात खऱ्या आणि नकली थेरपीच्या गटांत फरक दिसला नाही. अशा मुलाला गरज असते ती विशेष शिक्षकाची. ॲपच्या नादात वर्ष गेलं, तर ते वर्ष परत येत नाही.

परभणीत काय करायचं?

1. आधी डोळे तपासा. जिल्हा रुग्णालयात नेत्रतज्ज्ञांना दाखवा. जिंतूर, गंगाखेड, पालम असं कुठेही राहत असाल, तरी शाळेत येणाऱ्या आरोग्य पथकाला सांगा. 2013 पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा तपासणी व्हायची असते. त्यात नजर आणि शिकण्यातल्या अडचणी दोन्ही येतात.

2. सरांना किंवा मॅडमना 'प्रशस्त' ॲपबद्दल विचारा. एनसीईआरटीचं हे ॲप शिक्षकांसाठी आहे. मुलाला कोणती अडचण असू शकते याची प्राथमिक नोंद त्यात होते. हे निदान नाही, पुढच्या तपासणीची पहिली पायरी आहे.

3. प्रमाणपत्र मिळवा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात.

4. आळशी डोळा किंवा तिरळेपणा वाटत असेल तर थांबू नका. साधारण सात वर्षांच्या आत उपचाराचा फायदा जास्त होतो. वय उलटलं असेल तरी दाखवा.

ॲप कसं ओळखायचं?

"30 दिवसांत चष्मा घालवा", "डिस्लेक्सिया कायमचा बरा" असं लिहिलेलं ॲप सरळ अनइन्स्टॉल करा. तपासणी न करताच वर्षाचं सबस्क्रिप्शन मागत असेल, तरीही तेच. डॉक्टरांनी सुचवलेलं ॲप असेल, तर किती वेळ आणि किती आठवडे वापरायचं ते त्यांच्याकडूनच लिहून घ्या.

माहिती कामाची वाटली तर गावच्या ग्रुपवर आणि शाळेच्या ग्रुपवर नक्की शेअर करा. एखाद्या "ढ" म्हटल्या जाणाऱ्या पोराची वेळेवर तपासणी होईल.